न उगवलेला घट

जमुनाबाईच्या रागाबद्दल बाळापूरच्या बाजारात विचारा, भाजीवाली लांबूनच हात जोडेल. मापात मारलेलं तिला एका नजरेत कळतं, आणि मग ती काटा, वजनं आणि भाजीवालीचं खानदान, सगळं उलटंपालटं करून पाहते. पण त्या नवरात्रात तिनं जे केलं त्यावरून गावात अजून दोन तट आहेत. अर्धे म्हणतात, बाईनं देवीशी खेळ केला. म्हणोत बापडे. आधी काय झालं ते ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

गाव खारपाण पट्ट्यातलं. म्हणजे जमिनीत कुठंही भोक पाडा, पाणी लागतं, पण खारट. दिसायला स्वच्छ, तोंडात घेतलं की थुंकावं लागतं. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. गोडं पाणी नळाला येतं ते आठवड्यातून कधीतरी, तेही लहर आली तर. म्हणून तिथं प्रत्येक अंगणात दोन पाणी असतात. बोअरचं सांडायचं आणि नळाचं जपायचं.

जमुनाबाईच्या सासरी दोन भावांची दोन घरं, मधे एक अंगण. देवघर एकच, थोरल्याच्या घरात. थोरली जाऊ सुभद्राबाई. देवघराच्या दाराशी एक रांजण, त्यात फक्त गोडं पाणी, आणि ते फक्त देवाला. हे सुभद्राबाईला सासूनं शिकवलेलं. कशासाठी, ते सासूनं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. देवाचं ते देवाचं, संपला विषय.

त्या वर्षी सुभद्राबाईचे गुडघे धरले होते. खाली बसता येईना. तिची स्वतःची सून दामिनी सातव्या महिन्यात, तिलाही वाकता येईना. म्हणून घट बसवला जमुनाबाईच्या सुनेनं, प्राजक्तानं. ही अचलपूरची. तिकडं डोंगराचं पाणी, विहिरीत बादली सोडा आणि प्या. पोरीनं वावरातली काळी माती चाळून आणली, परडीत पसरली, गहू पेरला, मधे घट ठेवला, सगळं जिथल्या तिथं. पाणी मात्र घातलं बोअरच्या नळीचं, आणि रोज तेच घालत राहिली. प्यायचं पाणी मातीत कशाला ओतायचं, एवढाच तिचा विचार. संसारी पोरीचा विचार आहे, ह्यात कोणी खोट काढून दाखवावी.

पाचवी माळ आली तरी परडीत हिरवा ठिपका नाही. सुभद्राबाईनं बोट खुपसून पाहिलं. वरची माती चिकट होऊन घट्ट बसली होती, आतले दाणे बुळबुळीत झाले होते आणि वास मारत होते. तिनं बोट पुसलं आणि शेजारच्या बाया ऐकतील अशा बेतानं म्हणाली, "साध्या पान्यात टाकला तरी गहू उगोते बापा. पोटातलं टिकलं नाई, परडीतलं उगोलं नाई. आता काय समजाचं थे समजा."

मागच्या पौषात प्राजक्ताचा गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला होता. ती तिथंच उभी होती, माळेची फुलं हातात घेऊन.

एवढ्यावर थांबेल ती सुभद्राबाई कसली. दसऱ्याला दामिनीची ओटी भरायची होती, पाहुण्यांना निरोप गेले होते. "त्या दिवशी प्राजक्ताले समोर येऊ नोको म्हना," ती म्हणाली. "माह्या सुनेच्या पोटाचा सवाल हाय."

जमुनाबाई दारात उभी होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हेच बोलणं तिनं आधी ऐकलं होतं, ह्याच ओसरीवर, सासूच्या तोंडून, आणि तेव्हा ते तिच्याबद्दल होतं.

तीही अचलपूरकडचीच. नवी नवरी असताना तिच्या हातचा घट असाच नासला. तेव्हा गावात नळ नव्हता. गोडं पाणी लांबून डोक्यावर आणावं लागे, म्हणून तिनं अंगणातल्या विहिरीचं घातलं. सासू म्हणाली, हिच्या हाताला यश नाही. झालं. तेव्हापासून ह्या घरात जमुनाबाईनं कोणाची ओटी भरली नाही. नणंदेच्या लग्नात तिच्याकडून पायल्यांच्या हिशेबानं पुरणपोळ्या लाटून घेतल्या, तेव्हा हाताला यश होतं. हळद लावायची वेळ आली तेव्हा नव्हतं. पुढे नितेश झाला, चांगला धडधाकट, तरी शिक्का काही पुसला नाही.

बरं, कारण तिला फार लवकर कळलं होतं. माहेरून आणलेली मेथी तिनं परसात पेरली, विहिरीचं पाणी घातलं, एक काडी वर आली नाही. तेच बी पावसाच्या पाण्यावर तरारून आलं. तिनं सासूला सांगितलं, जावेला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं. कैरीच्या फोडीला मीठ लावलं की फोडीतलं पाणी बाहेर येतं, तसंच हे. खारं पाणी दाण्याला पाणी पिऊ देत नाही. वर ही आपली काळी माती त्या पाण्यानं लगदा होऊन बसते, आत वारा शिरत नाही. दाणा पाण्यात राहून तहानलेला राहतो आणि गुदमरून कुजतो. सासू हसली. म्हणाली, "मंग माह्या हातानं कसा उगोते?" रांजणातल्या पाण्यानं उगवतो, असं जमुनाबाई तोंडावर म्हणाली, आणि मोठ्यांना उलट बोलते असा दुसरा शिक्का बसला. नवरा सूर्यभान तेव्हा खाली मान घालून सुपारी कातरत होता. ती सुपारी आठवली की तिचं डोकं आजही फिरतं.

तरी पाचव्या माळेला तिनं सरळ सांगून पाहिलं. "बाई, पोरीनं बोअरचं पानी घातलं. खारं हाय थे. खाऱ्या पान्यात दाना उगवत नाई."

"तुह्यावालं हे जुनं गाऱ्हानं हाय," सुभद्राबाई म्हणाली. "सासूच्या वळनावर सून गेली, दुसरं काय. मी उद्या आंघोळ करून नवी परडी पेरतो माह्या हातानं. दसऱ्याले कोंब दाखोतो तुमाले."

संध्याकाळी नितेश अकोल्याहून कामावरून आला. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना माय. दसऱ्याले आमी दोघं अकोल्याले पिक्चरले जातो. घरात तमाशा नको."

"तुह्या बापानंबी असंच जाऊ देल्लं," जमुनाबाई म्हणाली. "म्हनून आज तुह्या बायकोवर आलं."

प्राजक्ता भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. आपले तळवे उलटेसुलटे करून पाहत होती. "आई, खरंच माह्या हातात काही असन काय?" तिनं विचारलं. पोरगी रडली असती तर जमुनाबाईनं सोसलं असतं. पोरगी खरं मानायला लागली होती, हे तिला सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुभद्राबाई आंघोळीला गेली तेव्हा, भर उजेडात, जमुनाबाईनं रांजण उपसला. राग डोक्यात होता, पण बाई खारपाणातली. गोड्या पाण्याचा थेंब सांडला नाही. कळशी कळशी करून सगळं आपल्या पिंपात ओतलं. मग बोअरची नळी रांजणात सोडली. मोटरचं बटण सूर्यभाननं दाबलं. काय चाललंय ते त्याला स्पष्ट दिसत होतं. त्यानं विचारलं नाही आणि अडवलंही नाही. "एवढं तरी केलं बाप्पा," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न पाहता रांजणावर झाकण ठेवलं.

परसात मात्र तिनं दुसरी परडी मांडली. तीच माती, त्याच पोत्यातला गहू. पेरणी प्राजक्ताच्या हातानं करून घेतली आणि पिंपातलं पाणी दिलं. "हातानं शिपड," ती म्हणाली. "बदाबदा ओतू नोको. दान्याले वारा लागते." रांजणाचं तिनं सुनेलाही सांगितलं नाही.

पुढचे दिवस सुभद्राबाईनं गुडघ्यांना बाम चोळून देवघरात काढले. रांजणातलं पाणी घालायची, माळ चढवायची, परडीत वाकून पाहायची. काही नाही. तांब्याच्या गडव्यावर पांढरे डाग यायला लागले, ते ती चिंचेनं घासून काढायची, पण कशाचे ते तिच्या डोक्यात शिरलं नाही. भ्यालेल्या माणसाचं डोकं चालत नसतं. तिनं उपास कडक केला. दामिनीला उंबऱ्याबाहेर जाऊ देईना. नवमीला ती अंगण ओलांडून जमुनाबाईच्या चुलीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "जमुना, माहं काही चुकलं असन काय वं? माह्या दामिनीले काही होईन काय?"

तेव्हा जमुनाबाईनं सांगायला हवं होतं, असं म्हणणारे गावात पुष्कळ आहेत. तिनं सांगितलं नाही. वांगी चिरता चिरता म्हणाली, "साध्या पान्यात टाकला तरी गहू उगोते, असं म्हनत होत्या ना तुमी."

दसऱ्याला बायांनी ओसरी भरली. दामिनीला हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं. प्राजक्ता अकोल्याला गेली नव्हती. जमुनाबाईनं जाऊ दिलं नव्हतं. घट हलवायची वेळ आली. सुभद्राबाईनं परडीवरचं फडकं काढलं, आणि खाली काळा लगदा. एक कोंब नाही. सगळ्या बायांची नजर परडीवरून उठली आणि दामिनीच्या पोटावर गेली. सुभद्राबाईनं दाराची चौकट धरली.

जमुनाबाई परसात गेली आणि प्राजक्ताची परडी घेऊन आली. गहू बोटभर वर आला होता, पोपटी, दाट. तिनं ती परडी सुभद्राबाईच्या परडीशेजारी आदळली. मग रांजणातल्या पाण्यानं गडवा भरून सुभद्राबाईपुढं धरला. "प्या."

सुभद्राबाई प्यायली, आणि तिथंच थुंकली.

"खारं हाय ना?" जमुनाबाई म्हणाली. "मी भरलं. पोरीनंबी हेच घातलं होतं, मीबी हेच घातलं होतं. एका दान्यानं तोंड वर काढलं नाई. आज तुमच्या यशाच्या हातानं घातलं, तरी नाई काढलं. हाताचं काही नसते बाई, पान्याचं असते. चार दिवस तुमच्या जिवाचं पानी झालं ना? मी जलमभर थेच भोगलं. आन तुमी थे ह्या पोरीच्या पदरात बांधून देऊन राहिल्या होत्या."

मागून एक बाई म्हणाली, "म्हनून देवीले खारं पानी घालाचं काय?"

"देवीले समजते," जमुनाबाई म्हणाली. "तुमाले नाई समजत, म्हनून घाला लागलं."

सुभद्राबाई पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. मग तिनं नारळाचं ताट उचललं आणि प्राजक्तापुढं केलं. "ये माय. भर दामिनीची ओटी."

आता गोष्ट इथं संपायला हवी होती. जमुनाबाईलाही तसंच वाटलं होतं. पण प्राजक्ता ताटाला हात लावेना. ती जमुनाबाईकडं पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग होता. त्या घरात त्या सुनेचा राग कोणी कधी पाहिलेला नव्हता.

"आई, तुमाले तं आधीपासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "मंग मी घट बसवला त्या दिवशी मले काहून नाई सांगतलं?"

जमुनाबाईनं परसाकडं पाहिलं. त्या दिवशी ती घरातच होती. घट बसायच्या वेळी दरवर्षी ती देवघराकडं पाठ करून परसात जाऊन बसायची. ज्या देवघरानं मला हात लावू दिला नाही त्याच्याकडं मी पाहणार नाही, हा तिचा राग. त्या वर्षीही तशीच बसली होती. सून बोअरची नळी ओढत नेत होती, त्या नळीचा आवाज तिनं ऐकला होता.

"नाई सांगतलं," ती म्हणाली. "मलेबी कोनी सांगतलं नव्हतं." आणि स्वतःचे हे शब्द कानावर पडले तशी तिची मान खाली गेली. असं तर सासूही बोलली असती.

प्राजक्तानं सुभद्राबाईच्या हातातलं ताट घेतलं आणि जमुनाबाईच्या हातात दिलं. आवाजातला राग गेला नव्हता. "आधी तुमी भरा. मंग मी भरतो."

जमुनाबाईनं ओटी भरली. गहू, नारळ, खण. थोडे गहू पाटावर सांडले, ते तिनं वेचून पुन्हा दामिनीच्या पदरात टाकले. मग प्राजक्तानं भरली. सगळ्यांच्या देखत, समोर येऊन.

बाया उठायला लागल्या तेव्हा जमुनाबाई जावेला म्हणाली, "रांजन घासून घ्या बाई. उद्या नळ येईन." मग दामिनीकडं वळली. "आन तू इकडं ये पोरी. आपल्या घरी कोनतं पानी देवाले घालतात आन काहून घालतात, थे आजच आयकून घे."