शिट्टी मागच्या दारी

रत्नागिरीत तेव्हा रेल्वे नव्हती, पण आमच्या पडवीत होती. मुंबईला नोकरी करणाऱ्या माझ्या दादाला छोट्या आगगाड्यांचं वेड. रजेवर आला की माळ्यावरची ट्रंक उतरवायची, पडवीभर रूळ मांडायचे आणि चाळिशी उलटलेल्या या माणसाने जमिनीवर पालथं पडून गाडी पळवायची. ट्रंक पुसून ठेवायचं काम माझं.

त्या मे महिन्यात तो दुबईहून कुणाकडून तरी मागवलेला रिमोट आणि आवाजाचा डबा घेऊन आला. एक बटण दाबलं की डब्यातून इंजिनाची धडधड, दुसरं दाबलं की शिट्टी. भिंतीआडूनही चालतो म्हणे. मला कशाचंच कौतुक नव्हतं. आईला अर्धांगवायू होऊन वर्ष झालं होतं. वाचा गेलेली, डावा हात तेवढा हलायचा. काही हवं असलं की ती खाटेवर वाटी आपटायची. मागच्या दारी ती ऐकू यायची नाही, त्यामुळे मला विहिरीवर दोन कपडे धुवायलाही निवांतपणा नव्हता. अगदी विटून गेले होते मी.

दादाने आईची खाट पडवीत आणली. गाडी दर फेरीला त्याच उंचवट्यावर कलंडायची, पण शिट्टी झकास वाजली. प्रत्येक शिट्टीला हा ओरडायचा, "आये, गाडी आली गो!" आणि आई वाकड्या ओठांनी हसायची. वर्षभरात मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग त्याने रिमोट तिच्याच हातात दिला, आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

"दादा, गाडी ठेव तुझी ट्रंकेत. डबा नि रिमोट इथे राहू दे. डबा मागच्या दारी ठेवते, आयेला मला बोलवायला होईल."

"ऱ्हाऊ दे गो बाय," तो म्हणाला. वस्तू द्यायला त्याचा हात कधी आखडला नाही. रजा संपली, तो यष्टीने मुंबईला गेला.

दुसऱ्या दिवसापासून शिट्टी सुरू. हातातलं टाकून धावत यावं. पाणी हवंय? मानेनेच नाही. कूस बदलू? नाही. परत विहिरीवर पोचते न पोचते तोच शिट्टी. वाटी परवडली म्हणायची वेळ आली. शेवटी वैतागून मी तांदूळ निवडायला घेऊन तिच्या खाटेशीच बसले. तर तिने माझ्यादेखत बटण दाबलं.

"आये, मी इथेच आहे ना! कुणाला बोलावतेस?"

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. दादा जिथे पालथा पडायचा, त्या कोपऱ्याकडे ती बघत होती. मला राग आला, रडूही आलं. तिची लाळ मी पुसायची, तिचं अंग मी धुवायचं, आणि शिट्टी त्याच्यासाठी.

तिने पुन्हा बटण दाबलं. मी ताट खाली ठेवलं आणि दादासारखाच हेल काढून ओरडले, "आये, गाडी आली गो!"

आई हसली. बघत मात्र त्या कोपऱ्याकडेच होती.