लायसन्स भरायचं कोण विसरलं

तुला म्हणून सांगतोय. आजवर हे कुणासमोर तोंडातून बाहेर पडलेलं नाही — आईजवळ नाही, दोस्तांजवळ नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच नाही. एका माणसाला ते ठाऊक आहे, पण त्यालाही मी सांगितलेलं नाही. त्यानं ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. त्याचं येईलच पुढे.

विषय ऐकलास तर हसशील. लोक लफडी कबूल करतात, अफरातफर कबूल करतात, आणि मी काय — टीव्हीचं लायसन्स! हस, हस. मीही हसलोय त्यावर चारचौघांत, टाळ्या देऊन घेऊन.

दोन हजार दोन-तीनची गोष्ट. आम्ही हाउन्सलोला राहायचो, विमानं अशी डोक्यावरून जायची की वाक्य अर्ध्यावर थांबवावं लागायचं. तर इंग्लंडात टीव्ही बघायला दरवर्षी लायसन्स लागतं. बंदुकीला लागतं तसं! सेट आपला, वीज आपली, सोफा आपला, डोळे आपले — आणि परवानगी यांची. आमच्या भिंतीवर डिश होती, हिंदी मालिका आणि भारताच्या मॅचसाठी. तिचे पैसे वेगळे. यांच्या चॅनेलचं तोंड नाही बघितलं तरी यांचे पैसे भराच. का? तर म्हणे सगळ्यांनी भरले की जाहिराती लागत नाहीत आणि दर्जा राहतो. कसला डोंबलाचा दर्जा! कुणी म्हातारी माळ्यावरची किटली घेऊन येणार, कुणी टायवाला ती उलटी करून बघणार, किंमत सांगणार, आणि म्हातारी डोळे पुसणार. नाहीतर एक बाई तासभर गुलाब छाटणार. ह्याचे पैसे मी भरायचे?

हे माझं मत आजही तसंच आहे, आत्ताच सांगून ठेवतो. पश्चात्ताप झाला की माणूस गरीब गाय होतो, असं काही नसतं.

शिरीष माझ्या ऑफिसातला, आम्ही सकाळी एकाच ट्रेननं जायचो. त्यानं इथं आल्या आल्या लायसन्स काढलेलं. मी त्याला 'राणीचा जावई' म्हणायचो. रोज ट्रेनमध्ये त्याला माझं प्रवचन — मी भरत नाही, भरणारही नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. लाल अक्षरांत धमक्या येतात, त्या न फोडता रिसायकलिंगमध्ये. यांची म्हणे व्हॅन फिरते आणि कुणाच्या घरात टीव्ही चालू आहे ते भिंतीबाहेरून हुंगते. हुंगू दे की! शिरीष बिचारा म्हणायचा, अरे भरून टाक ना, डोक्याला ताप कशाला. असल्या भरून-टाक माणसांचा मला तेव्हा भयंकर तिटकारा होता.

तत्त्व! बघ, शब्द उच्चारला आणि माझं मलाच हसू आलं. तत्त्व असतं तर घरातही सांगितलं असतं की नाही? घरात मी काय सांगितलं होतं, ठाऊक आहे? वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, राहायला आल्यावर विचारलं होतं, "इथं टीव्हीचं काहीतरी भरावं लागतं ना रे?" मी पेपरातून मान वर न करता म्हटलं, "झालंय ते." संपलं. ट्रेनमध्ये क्रांतिकारक आणि घरात थापाड्या. खरं सांगितलं असतं तर ती उठून पोस्टात जाऊन भरून आली असती. मग मी ट्रेनमध्ये काय बोललो असतो?

वैशाली तुला कळायला हवी, नाहीतर बाकीचं कळायचं नाही. नाशिकला ती शाळेत गणित शिकवायची. कोणत्या पोराचं पाढ्यात कुठे अडतं, कुणाची आई आजारी आहे, कुणाला गेल्या वर्षी चष्मा लागला — सगळं तोंडपाठ. कुठे लिहून ठेवायची भानगड नाही. माझ्या आत्याच्या मुलीच्या सासरचं आडनाव मला आठवायचं नाही, हिला विचारायचं. आणि इथं आल्यापासून तिच्या मनात एकच होतं — पुन्हा वर्गात उभं राहायचं. जवळच्या प्रायमरी शाळेत आधी मदतनीस, मग पुढचं पुढे. पण इथल्या पोरांचं बोलणं तिला कळायचं नाही. म्हणून दुपारी आमची सई झोपली की ती टीव्ही लावून बसायची. यांचंच चॅनेल! लहान मुलांचे कार्यक्रम, ते किटलीवाले, ती गुलाबवाली — सगळं बघायची आणि त्यांच्यासारखं मोठ्यानं म्हणून बघायची. थोड्याच दिवसांत शेजारच्या आयरिश आजीबाईंशी कुंपणावरून गप्पा छाटायला लागली. म्हणजे मी ज्याला डोंबलाचा दर्जा म्हणत होतो, ते माझ्या घरात रोज कामाला येत होतं. आणि मला पत्ताच नव्हता. असेल कसा? विचारलं कधी?

त्याच वर्षी तिचे वडील गेले. सईला घेऊन ती नाशिकला गेली, दिवसकार्य आटोपून परत आली. गप्प झाली होती. एकदा तर हातात चमचा घेऊन नुसतीच उभी राहिलेली मी पाहिली. पण शाळेचा इंटरव्ह्यू दिला तिनं, आणि त्यांनी तिला घेतलं! पुढच्या टर्मपासून या म्हणाले. त्या दिवशी तिनं शिरा केला, वडिलांच्या फोटोपुढे वाटी ठेवली आणि खूप रडली. पण चांगलं रडली. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि मग तो लायसन्सवाला आला.

ह्या लोकांना घरात घुसायचा हक्क नसतो. 'नो थँक यू' म्हणायचं आणि दार लावायचं, विषय संपला. हे मी शिरीषला शंभरदा ऐकवलेलं. बायकोला? एकदाही नाही. तिला सांगायचं तर आधी थाप कबूल करावी लागली असती ना. तर दुपार, भुरभुर पाऊस, दारात छत्री नसलेला माणूस. नाशिकची मुलगी काय करणार? आत या, म्हणाली. बसा. आलं ठेचून चहा टाकला. आणि आपण स्वयंपाकघरात असताना पाहुण्यानं एकट्यानं भिंतीकडे बघत बसायचं का — म्हणून टीव्ही लावला आणि रिमोट त्याच्या हातात दिला!

त्यानं चहा प्यायला. छान झालाय म्हणाला म्हणे. कप खाली ठेवला आणि तुम्ही बोलाल ते पुराव्यात धरलं जाईल वगैरे पोपटासारखं म्हणून तिचं नाव लिहून घेतलं. ती म्हणाली, माझ्या नवऱ्यानं भरलंय. त्यानं फोन लावून विचारलं. या पत्त्यावर काहीच नव्हतं. मग सही घेतली. दार उघडेल त्याचा गुन्हा, असा तो न्याय. दुसऱ्याच्या घरचा आल्याचा चहा पिऊन त्याच बाईवर खटला भरायचा! त्या माणसाचा मला अजूनही संताप येतो. पण खरं विचारशील तर त्यानं निदान आपलं काम तरी केलं.

मी संध्याकाळी घरी आलो. ती दारातच उभी होती, सई कडेवर. म्हणाली, "तो म्हणतो भरलेलंच नाही. तू भरलं होतंस ना?"

आता बघ. एक वाक्य पुरलं असतं. नाही गं, मी भरलंच नव्हतं, चूक माझी. ती रागावली असती, दोन दिवस बोलली नसती. बस, एवढंच. त्या माणसाला फोन करून सांगता आलं असतं, घर माझ्या नावावर, टीव्ही माझा, नाव माझं लिही. एवढं तत्त्व तत्त्व करत होतो, हीच तर वेळ होती ना कोर्टात उभं राहून सांगायची? की बाबांनो, मी तुमची फी मानत नाही?

मी काय म्हणालो?

म्हणालो, "मी कुठे? मी तुला सांगितलं होतं ना, पोस्टात जाऊन भरून ये म्हणून."

ती म्हणाली, नाही, तू झालंय म्हणाला होतास. अगदी ठाम. तिला तो पेपरसुद्धा आठवत होता, माझ्या हातातला. आणि ती बरोबर आहे हे कळत असताना — नीट ऐक, कारण हेच सांगायचं होतं — मी आवाज मऊ केला. तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "वैशू, नाशिकहून आल्यापासून तुझं चित्त थाऱ्यावर नाहीये गं. तुला आठवत नाहीये."

तिचे वडील वापरले मी. त्यांचं मरण वापरलं. कशासाठी? टीव्हीच्या लायसन्ससाठी!

ती बघत राहिली माझ्याकडे. आठवायचा प्रयत्न करत होती. आणि मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते आठवायला लागलं — जे घडलंच नव्हतं ते. "हो का रे?" म्हणाली. "असेल." असेल! ती माझ्यावर विश्वास ठेवत होती, दुसरं काय.

व्हिसाची भीती होती म्हणू? वर्क परमिटवर होतो, पोलिसी भानगड नको होती? पण तिचा व्हिसा कुठे वेगळा होता, माझ्याच शेपटीला बांधलेला. कोर्टाचं आलं ते तिच्या नावानं. गुन्हा कबूल कर आणि मोकळी हो, असा सल्ला मीच दिला. दंड भरून टाकला. भरून टाकला! शिरीषनं ऐकायला हवं होतं.

तिनं शाळेत जाऊन आपणहून सांगितलं, माझ्यावर असा असा ठपका आहे. हेडबाई हसल्या. म्हणाल्या, माझ्या भावालाही झालाय हा दंड, सोमवारी या. म्हणजे शाळेनं नाही अडवलं तिला. वैशालीनंच नाही म्हटलं. घरी येऊन मला म्हणाली, "माझ्या इतकंही लक्षात राहत नाही रे. लोकांची लेकरं कशी सांभाळू? एखाद्याचं औषध विसरले तर?" तिथंही एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "बघ बाई, तुला झेपेल तसं." वर हेही मनात आलं की चला, घरी आल्यावर गरम पोळी मिळेल. असा मी.

पुढे घरी गणपती बसले तेव्हा मंडळी जमली होती. मी किस्सा रंगवून सांगितला. भरायचं ही विसरली, आणि वर चोराच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या द्याव्यात तसा त्याच्या हातात रिमोट! लोक हसून हसून लोळले. वैशालीही हसली, वाट्यांत खीर वाढता वाढता. फक्त शिरीष हसला नाही. ट्रेनमधलं प्रवचन त्याच्या कानात असणारच. त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, खीर छान झालीय." बस. त्यानंतर तो सकाळी दुसऱ्या डब्यात बसायला लागला. मी त्याला भित्रा म्हणायचो, मनातल्या मनात. माझं थोबाड फोडायला हवं होतं त्यानं. पण ते तरी त्यानंच का करायचं?

वैशाली आता सगळं मला विचारते. आपण त्यांना रविवारी या म्हटलं होतं की शनिवारी? मी मीठ घातलं का रे? पावणेदोनशे पोरांच्या चाचण्या जिच्या डोक्यात असायच्या, ती बाई दार ओढून घेतल्यावर मागे फिरून पुन्हा ओढून बघते. लायसन्स आता बँकेतून आपोआप जातं. नेहमी तणतणतो मी त्यावर. ती दुपारी टीव्ही लावत नाही. बघून काय करू, म्हणते.

परवा सई शाळेतून आली. आता ती नऊ वर्षांची आहे. त्यांच्या वर्गात आया येतात, पोरांना गोष्टी वाचून दाखवायला, गणितात मदत करायला. मिसनं विचारलंय, तुझी मम येईल का? सई नाचतच आली, आई, यू वर अ मॅथ्स टीचर, तू ये ना! वैशालीचा चेहरा क्षणभर उजळला, मी पाहिला. मग ती म्हणाली, नको राणी, मला नाही जमायचं, मी विसरते सगळं. आणि तिनंच सईला तो किस्सा सांगितला. लायसन्स, चहा, रिमोट. अगदी मी रंगवतो तसाच, माझ्याच शब्दांत.

सई हसली नाही. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "बाबा, खरंच? आई विसरली होती?"

वैशाली पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

मी म्हटलं, "हो." आणि वर म्हटलं, "जाऊ दे गं, होतं असं कुणाचंही."

वैशालीनं मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसली. सांभाळून घेतल्याबद्दल.