कार्थेजच्या पानावरची खूण

फोन भाच्याचा होता. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "काय वाचत होती?" असल्या वेळी कुणी असं विचारत नाही, पण सुमनवहिनीच्या मुलाला त्याचं नवल वाटलं नाही. "कॉन्स्टँटिनोपल," तो म्हणाला. "तुर्कांचा वेढा पडलाय... खूण मधेच आहे. अर्धवट राहिलं गं." ऐंशी ओलांडलेली बाई झोपेत गेली, याहून चांगलं मरण कोणतं? पण ते 'अर्धवट' मला महिनाभर टोचत राहिलं. पुस्तक अर्धं टाकणारी बाई नव्हती ती.

एकोणीसशे साठच्या दशकात ती केळव्याला आमच्या घरी सून म्हणून आली. तारापूरला वीजकेंद्राचं काम नुकतंच सुरू झालं होतं आणि दादा तिथे नोकरीला लागला होता. मी पालघरच्या शाळेत मास्तरीण. नव्या वहिनीला कौतुकाने विचारलं, पालघरहून काय आणू? बांगड्या, परकराचं कापड, असं काहीतरी सांगेल असा माझा अंदाज. ती म्हणाली, "वन्सं, इतिहास आणा. आपला नको, तो मला येतो. दुसऱ्यांचा आणा." मग वाचनालयातून मी आणत गेले. इजिप्तचे फारो, चीनची भिंत, मंगोलांची घोडदौड, जे हाती लागेल ते. दुपारी ओटीवर आई आणि शेजारच्या बायका विड्याच्या पानांच्या जुड्या बांधत बसत आणि वहिनी त्यांना वाचून दाखवी. मी थट्टेने विचारायची, आज घर कुठे आहे? "पेरू देशात," ती गंभीरपणे सांगायची, "स्वैपाक उशिरा होईल."

त्या बायकांना अक्षरओळख नव्हती आणि हे सगळं कधीच घडून गेलंय हे त्यांच्या मनात ठसत नसे. त्यांच्यासाठी ती ताजी बातमी होती. इंकांच्या राजाने खोलीभर सोनं दिलं तरी परक्यांनी त्याला मारलं, हे ऐकून मुरबे गावची मासळीवाली पाटी उचलून उठलीच. "शब्दाला काय किंमत हाय का नाय?" म्हणाली, आणि त्या दिवशी आमच्या दारात बोंबील विकायचे राहिले. वहिनीचा नियम एकच होता. शेवट आधी सांगायचा नाही.

मग कार्थेज आलं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं जुनं शहर. रोमच्या सैन्याने शहर वेढलं, हत्यारं आधीच काढून घेतलेली. तेव्हा तिथल्या बायकांनी आपले केस कापून दिले, दगडफेकी यंत्रांचे दोर वळायला. आईने हातातली जुडी खाली ठेवली. त्या दिवसापासून ती कार्थेजची झाली. आणि नेमकं तेव्हाच तिला विषमज्वराने गाठलं. पालघरच्या डॉक्टरांनी दादाला बाहेर नेऊन हळू आवाजात काय ते सांगितलं. आई मात्र तापातही एकच विचारी... "सुमन, टिकलं का गं ते गाव?" पुढचं सगळं वाचून झालेली वहिनी उशाशी बसून होती. "टिकलं, आई," ती म्हणाली.

आई दुखण्यातून उठली. आमचा आनंद गगनात मावेना. आईने मात्र भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली, की रोमवाले हात हलवत परत गेले. वहिनीने वाचन बंद केलं. मी म्हटलं, राहू दे ना, कुणाचं काय बिघडतंय? तिचे डोळे भरले. "वन्सं, ते लोक मेले. आता आपणच ते मेले नाहीत म्हटलं, तर खरं कोण सांगणार?" सासूचा विश्वास कायमचा जाईल ही धास्ती तिला होती, मलाही होती. तरी एका दुपारी तिने सगळ्यांसमोर शेवटचं प्रकरण वाचलं. शहर जळालं. उरलेल्यांना गुलाम करून नेलं. पुस्तक मिटून ती खाली मान घालून बसली. आईने बराच वेळ जुड्या बांधल्या. मग विचारलं, "बायांनी केस कापले, ता तरी खरं हाय?"

"ते खरं, आई."

"मंग ता पान दाखव मला." वहिनीने उघडून दाखवलं. आईने सुकलेलं विड्याचं पान त्यात ठेवलं आणि म्हणाली, "शेवट कसा का होईना, खूण हितंच राहू दे."

तेव्हापासून तो वहिनीचा रिवाज झाला. पुस्तक संपलं की खूण मागे न्यायची, माणसांनी कंबर कसली त्या पानावर. वाचनालयाचे लेखनिक विड्याची पानं काढून काढून वैतागायचे. पुढे ती स्वतःची पुस्तकं घेऊ लागली आणि खुणा कपाटात टिकल्या.

परवा केळव्याला गेले. भाच्याने तिच्या उशाशी होतं तसंच ठेवलेलं पुस्तक हातात दिलं. तिने सोडलं तिथून मीच पुढे वाचून पुरं करावं, असं ठरवून गेले होते. खुणेचं पान उघडलं. तोफांनी दिवसा तट फोडलाय, आणि रात्र पडताच गावातली बायकामाणसं, म्हातारेकोतारे, दगड-माती वाहून तो पुन्हा उभा करताहेत.

मी पुस्तक मिटलं आणि भाच्याला म्हटलं, "अर्धवट नाही रे. पुरं वाचून गेली."