पंचेचाळीस मिनिटं आणि आमचे उंबरठाकाका

आमच्या गावचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक खोली आणि चौकशीच्या खिडकीत बसलेले काका. एकोणीस आसनांचं विमान दिवसातून एकदा दुसऱ्या तेवढ्याच चिमुकल्या विमानतळावर जातं. खिडकीवर पाटी आहे: अंतर एकशे नव्वद किलोमीटर, वेळ पंचेचाळीस मिनिटं. या पाटीशी काकांचं जन्माचं वैर. "ही वेळ विमानाची, माणसाची नाही," असं ते म्हणतात. तिकडून परतलेल्या प्रत्येकाला विचारतात, "घरचा उंबरठा कधी ओलांडलात? तिथला कधी?" आणि उत्तर वहीत टिपतात. म्हणून गावानं त्यांचं नावच उंबरठाकाका ठेवलंय. विमान कंपनीचा पगार घेऊन लोकांना बसच्या वेळा सांगणारा हा गृहस्थ नोकरीत टिकलाय कसा, हे कोडं त्यांच्या साहेबांनाही सुटलेलं नाही.

गेल्या वर्षी, हे विमान जातं त्याच शहरात माझ्या वडिलांचं पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं. धाकटी बहीण त्यांच्याजवळ होती. आदल्या दुपारी तिचा फोन आला. "उद्या अकराला आत नेणार. या वयात धोका आहे म्हणतात. बाबा सारखं तुझंच विचारतायत, दादा."

मी तडक विमानतळ गाठला.

"काका, उद्या सकाळचं एक तिकीट. अकराच्या आत हॉस्पिटलात पोचायचंय."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वही उघडली. "दहाला उतराल. सामान यायला वीस मिनिटं. तिथला विमानतळ पार टेकडीवर, शहरापासून चाळीस किलोमीटर. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. साडेअकराच्या आत आजवर कुणी पोचलेलं नाही. पहाटे साडेपाचची बस धरा, दहाला हॉस्पिटलच्या दारात सोडते."

"विमानापेक्षा बस आधी पोचते? उद्या बैलगाडी सुचवाल."

"बैलगाडीच्या नोंदी नाहीत माझ्याकडे."

आतून साहेब खाकरले. "अहो, एखादं तिकीट विकाल का कधी?"

"विकेन की. पोचणाऱ्याला."

मी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बस धरली. साडेचार तासांत हाडं खिळखिळी झाली. पण दहा वाजून सात मिनिटांनी वडिलांच्या खाटेपाशी उभा होतो.

"विमानानं आलास?"

"बसनं, बाबा."

"चिक्कूच राहिलास," ते म्हणाले आणि हसले. मग माझा हात धरून बोलत राहिले. आईला पायऱ्या चढू देऊ नकोस, बहिणीवर डाफरू नकोस, आणि लहानपणी तुला एकदा उगाच मारलं होतं रे. हे शेवटचं त्यांनी चाळीस वर्षं पोटात ठेवलं होतं. पावणेअकरालाच त्यांना आत नेलं. विमानानं निघालो असतो, तर तेव्हा मी टेकडीवर गाडी भरायची वाट बघत बसलो असतो.

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. मी काकांना फोन केला. सगळं सांगून आभार मानायला लागलो.

"आभार राहू द्या," ते म्हणाले. "बाबांना घरी कधी सोडणार?"

"बाराव्या दिवशी."

"मग बस नको. रस्ता आदळतो, टाके दुखतील. डॉक्टरांना विचारा आणि विमानानं आणा. पुढच्या दोन जागा ठेवतो. इकडे उतरलात की गाडी दाराशी असेल, भरायची भानगड नाही."

मागून साहेबांचा आवाज आला, "ऐकलंत का रे सगळ्यांनी? काकांनी दोन तिकिटं विकली."