कस्तूर समोर बसला होता, मग शीळ कोणाची?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. अजूनही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही... पण घडलं ते सांगते.

माझं माहेर देवबाग, सासर आंबोली. २००६चा पावसाळा. बिडी ओढत, शीळ घालत फिरणारे सासरे नुकतेच गेले होते आणि सासूबाईंच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता. आता उशीर केलात तर डोळा जाईल, असं कुडाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाई ढिम्म हलेनात. का, तर परसामागच्या ओहोळावरून रोज सकाळी शीळ यायची.

"ह्येंचीच शीळ ती. ह्येंका एकट्यांका टाकून मी खंय जातलंय?"

नवऱ्याने हात टेकले. मी कसली टेकतेय! समुद्रकाठची मी, हट्टीच. शीळ घालणारा शोधून त्यांच्यासमोर उभा करायचा, ठरवलंच. रोज सकाळी डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी, आणि धुक्यात बसून राहायचं. बऱ्याच दिवसांनी दिसला... मैनेहून थोडा मोठा, काळपट निळा, खांद्यावर चकचकीत निळा डाग. शीळ मात्र अगदी माणसाची, कसलीच घाई नसलेल्या माणसाची. कस्तूर म्हणतात त्याला. त्याचे बसायचे दगड मला पाठ झाले. खरं सांगू, जीव जडला माझा त्याच्यावर.

मग एका सकाळी नवरा कामावर गेल्यावर घराला कडी घालून सासूबाईंना हाताला धरून नेलं. कस्तूर अगदी जवळ, चोचीतला खेकडा दगडावर आपटत होता.

"दिसता काय, आई?"

"दिसता गो. ह्यां पाखरू मी लगीन होऊन इलंय तेव्हापासून बघतंय. ह्येची शीळ माका कळत नाय?"

मी तोंड उघडणार, तोच शीळ आली... मागून, घराकडून. कस्तूर खेकडा चोचीत धरून थबकला, घराकडे बघू लागला. दुसरा कस्तूर असेल, मी मनाला समजावलं. पण शिळेमागोमाग खोकला आला — जुन्या बिडीवाल्याचा, खोलवरचा.

सासूबाई घराकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "डोळ्याचा करून येतंय. चार दीस लागतले. येव मा?"

आमच्याकडे निघताना 'जातंय' म्हणत नाहीत, 'येव मा', म्हणजे 'येऊ ना', असं विचारतात.

थोड्या वेळाने पुन्हा शीळ आली, छोटीशी. परत आलो तर कडी तशीच, आत कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईच पहिल्या एसटीला तयार होऊन बसल्या. डोळा वाचला.

दुसरा पक्षी, वाटसरू, वारा... सगळं लावून बघितलं, काहीच बसत नाही. एवढं मात्र खरं, की त्यांनी विचारल्यावर उत्तर येईपर्यंत मीही श्वास रोखून बसले होते, आणि यावं म्हणून हात जोडले होते.