अक्षतांचा दाणा

शेजारणी आमच्या फटफटीला माझी सवत म्हणायच्या. सवत असती तर निदान झिंज्या धरून भांडता आलं असतं. या लोखंडाशी काय भांडणार? लष्कराच्या लिलावातून भंगार म्हणून आलेली ती गाडी आमच्या ह्यांनी आणि गावातल्या एका मिस्त्रींनी मिळून खोलली, घासली, पुन्हा जोडली आणि एक दिवस आमच्या चिंचवडच्या खोलीसमोर आणून उभी केली. गल्लीतली कुत्री आठवडाभर तिच्यावर भुंकत होती. मीही भुंकले असते, पण ह्यांचा चेहरा बघून गप्प बसले.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीत कारखाने नुकते उभे राहत होते आणि त्यातल्याच एकात हे फिटर होते. साताऱ्याकडून आलेली माणसं आम्ही, इथं ना भाऊबंद ना शेतीवाडी. सगळा आठवडा साहेबाचं ऐकायचं, भोंग्यावर जायचं, भोंग्यावर यायचं. चाकणच्या रस्त्याला माळावर युद्धाच्या वेळची एक विमानांची धावपट्टी ओस पडली होती. तिथं अधूनमधून हौशी लोक फटफट्यांच्या शर्यती लावत. लष्करातले अधिकारी, पुण्याच्या कॉलेजातली श्रीमंतांची पोरं आणि त्यांच्यात आमचे हे, तेलकट खाकी विजार घातलेले.

दोन वर्षांपूर्वी त्याच पट्टीवर पुण्याच्या एका पोराचा पाय गुडघ्याखाली गेला. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. ह्यांनी हे वेड सोडावं आणि धड हातपायांनिशी म्हातारं व्हावं. सांगून झालं, रडून झालं, दोन दिवस अबोला धरून झाला. ह्यांच्यावर काही परिणाम नाही. उलट त्यांनीच मला त्यात गुंतवून घेतलं. एकदा मी सहज ओवाळलं आणि त्या दिवशी ह्यांचा दुसरा नंबर आला. झालं! एरवी देवळात पाऊल न टाकणारा हा माणूस माझ्या निरांजनाशिवाय गाडीची मूठ पिळायला तयार होईना. "तू ओवाळलंस की हात स्थिर राहतो," म्हणायचे. मला राग यायचा आणि आत कुठंतरी बरंही वाटायचं, ते खोटं कशाला सांगू?

ज्या खेपेची ही गोष्ट, त्या खेपेला शनिवारी सराव आणि रविवारी शर्यत होती. ह्यांनी पाळी बदलून घेतली आणि सकाळीच आम्ही माळावर पोचलो. मिस्त्री सायकलवर आधीच आले होते. जास्त वेग मिळावा म्हणून त्यांनी आदल्या दिवशी हवा गाळायची डबी काढून टाकली होती. कार्बोरेटरचं तोंड उघडंच होतं, जवळ गेलं की ते फसफसून हवा ओढताना ऐकू येई.

मी ह्यांना ओवाळलं. दसऱ्याला कारखान्यात यंत्रांना लावतात तसं गाडीच्या टाकीलाही कुंकू लावलं आणि चांगल्या मूठभर अक्षता दोघांवर टाकल्या. गाडी सुरूच होती. हे हसले, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि निघाले.

दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला सरळ पट्टी संपून वळण येतं तिथं सगळ्यांच्या गाड्यांचा आवाज खाली आला, ह्यांच्या गाडीचा आलाच नाही. तो चढतच गेला. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण ह्या गाडीचा आवाज मी रोज गल्लीच्या तोंडापासून ओळखायचे. मी उभी राहिले. गाडी वळली नाही, सरळ पट्टीवरून उतरून बाजरी काढलेल्या रानात घुसली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली. आवाज मात्र चालूच होता. नंतर तोही बंद पडला.

मी किती पळाले, पायातली वहाण कुठं गेली, मला माहीत नाही. पोचले तर हे बसलेले होते, कोपर सोललेलं, मनगट धरलेलं. "मूठ सोडली तरी परत येईना," एवढंच म्हणाले. अगदी हळू आवाजात. तिथून हातभर अंतरावर विहिरीचा कठडा होता. मी त्या कठड्याकडे बघितलं आणि ह्यांचा दंड घट्ट धरला.

मिस्त्रींनी गाडी बाजूला ओढत नेली. हे पाणी प्यायला गेले तेव्हा मी मिस्त्रींच्या मागं जाऊन उभी राहिले. त्यांनी कार्बोरेटर खोलला, आत बोट घातलं, काहीतरी काढलं आणि चटकन मूठ मिटली.

"काय निघालं?" मी विचारलं.

"कायबी न्हाई वहिनी. कचरा हाय."

"दाखवा मला."

"कशापायी उगं? तुमी सावलीला बसा जा."

माझा स्वभाव त्यांना ठाऊक होता. मी हात पुढं केला तो मागं घेईना. शेवटी त्यांनी मूठ उघडली. तळहातावर पेट्रोलनं ओला झालेला तांदळाचा दाणा होता, कुंकवानं लाल झालेला. तो आतल्या झडपेत जाऊन अडकला होता, म्हणून मूठ सोडूनही इंजिन मंदावत नव्हतं.

"भावाला मी मुठीची केबल अडकली म्हणून सांगतो," मिस्त्री म्हणाले. "तुमी बी बोलू नका. त्येचा जीव हाय तुमच्या ओवाळण्यात. ते गेलं तर उद्या त्यो गाडीवर बसायचा न्हाई धड."

त्या माणसानं हे चांगल्या मनानं सांगितलं. पण मी घरी येईपर्यंत त्यातलं एकच वाक्य घोळवत होते. गाडीवर बसायचा नाही. दोन वर्षं मी डोकं फोडून घेतलं आणि ज्यानं हा माणूस थांबला असता, ते आता माझ्या हातात होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं. संध्याकाळी हे कोपराला हळद लावून घेत "नवी केबल टाकली, आता बघ उद्या" असं बडबडत होते. मी भाकरी थापत होते. दोनदा ओठांवर आलं आणि दोनदा गिळलं. जेवणसुद्धा मला गेलं नाही.

रविवारी माळावर बरीच गर्दी होती. छत्र्या धरलेल्या मडमा, शेंगावाले, चाकणच्या बाजाराहून वाट वाकडी करून आलेले शेतकरी. गाड्या रांगेत लागल्या. मी ताट घेऊन पुढं गेले. ताटात निरांजन होतं, कुंकू होतं. अक्षता मी घेतल्याच नव्हत्या.

ओवाळून झालं तरी हे मान खाली घालून थांबलेले.

"अक्षता विसरलीस?"

पलीकडून मिस्त्री माझ्याकडे बघत होते. त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. मला ते दिसलं.

"विसरले नाही," मी म्हणाले. "काल तुमच्या गाडीत केबल नव्हती अडकली. माझ्या अक्षतांचा दाणा अडकला होता. मी बघितलाय. मी ओवाळलं म्हणून तुम्ही विहिरीत जात होतात. आता उतरा आणि घरी चला."

ह्यांनी मान वर केली. एकदा कार्बोरेटरच्या उघड्या तोंडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. रागावतील असं वाटलं होतं, उतरतील असंही वाटलं होतं. तेवढ्यात निशाणवाला ओरडला, सगळ्या गाड्या गरजल्या आणि हे त्यांच्यात गेले. मी ताट घेऊन धुरात उभी.

दहा फेऱ्यांची शर्यत होती. पहिल्या वळणापर्यंत मी श्वास घेतला नाही. मग आवाज आला. वळणाच्या कितीतरी आधी ह्यांच्या गाडीचा आवाज खाली आला. एरवी तिथं ठेवलेल्या रंगवलेल्या पिंपापर्यंत हे मूठ सोडत नसत, दुसऱ्यांनी सोडल्यावरही. आज सगळ्यांच्या आधी सोडली. पुढच्या वळणावर तेच. सरळ पट्टीवर सुद्धा मधेच आवाज कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा, पुन्हा कमी. एकेक गाडी त्यांना मागं टाकून जाऊ लागली. ज्या कॉलेजातल्या पोराला ते नेहमी धूळ खायला लावायचे, तोही गेला आणि जाताना वळून बघून हसला.

मला हायसं वाटायला हवं होतं. पहिल्या चार-पाच फेऱ्या वाटलंही. मग वाटेनासं झालं. त्या पोराच्या कानाखाली वाजवावी असं वाटायला लागलं. "अहो, सोडू नका!" असं मी ओरडले तेव्हा शेजारची मडम दचकली आणि तिच्याहून जास्त मी दचकले.

हे शेवटून दुसरे आले. गाडी उभी केली, चष्मा काढला आणि मिस्त्रींना म्हणाले, "मूठ परत येतेय की नाही, एवढंच बघत होतो. रस्ता दिसलाच नाही."

"पुढच्या खेपेला तोंडाला जाळी बशिवतो, भावा," मिस्त्री म्हणाले.

"पुढची खेप कुठली आता," हे म्हणाले. अगदी साध्या आवाजात, चहा नको म्हणावं तसं.

माझ्यावर ते एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी मागं बसले आणि आम्ही चिंचवडला निघालो. रस्ता मोकळा होता, समोर बैलगाडीसुद्धा नव्हती. तरी गाडी इतकी हळू चालली होती की दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला ओलांडून गेला. गाडी घरी आल्यापासून ज्या पाठीला मी सावकाश, सावकाश म्हणत आले होते, ती पाठ माझ्यासमोर पोक काढून बसली होती. मला रडू फुटलं.

"अहो," मी मागून ओरडले, "जरा मूठ पिळा की!"

त्यांनी पिळली नाही.