चाचांची तिसरी फरशी

अकोल्याच्या जुन्या शहरात सूर्य उगवतो तो आमच्या फोटोवाल्या चाचांना विचारूनच, असं माझं ठाम मत आहे. घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. स्टुडिओच्या छताला मोठी काच, तिच्यातून उतरणारं ऊन आणि फरशीवर, भिंतींवर खडूच्या खुणा. "ऊन तिसऱ्या फरशीवर आलं का चहाले ये," हे त्यांचं आमंत्रण. एकदा ढग होते म्हणून मी थेट दुसऱ्या दिवशी गेलो, तर म्हणाले, "बराबर आला." माझ्या लग्नात बाराचा मुहूर्त ऐकून त्यांनी भटजींनाच बाजूला घेतलं होतं. "महाराज, घडी शुभ असन, पण नाकाखाली सावली पडते." भटजींनी ऐकलं नाही. फोटोत मला मिशी आहे. मी ती कधीच ठेवली नव्हती.

गेल्या एप्रिलात चाचांच्या मुलानं वर मजला चढवायला काढला. काच निघणार, स्लॅब पडणार. आदल्या दिवशी चाचांनी मला बोलावलं. दिवसभराचं ऊन खोलीतून कसं फिरतं, ते त्यांना टाइमलॅप्समध्ये, म्हणजे अख्खा दिवस मिनिटभरात पळवणाऱ्या व्हिडिओत, धरून ठेवायचं होतं. सकाळी पश्चिमेची भिंत, मग फरशी, संध्याकाळी समोरची भिंत, सगळं खुणांवरून ठरलेलं. खोलीच्या मधोमध असलेल्या बाकावर मात्र खूण नव्हती. माझा मोबाइल तिपाईवर चढवून त्यांनी त्यातलं उजेडाचं माप एकदाच कायम करायला लावलं. "त्याले अक्कल चालवू देऊ नको. तो अंधाराले बी उजळ करते, मंग दिवस चढला का उतरला, कसं समजन?" जाता जाता म्हणाले, "तू बी चालवू नको."

मी नाहीच चालवली. अकराला चाचा जेवून पडायला घरात गेले, ऊन तापलं, आणि कुठलाही अकोलेकर करील तेच मी केलं. दोरी ओढून काचेखालचा पडदा लावला, पंखा लावला आणि आडवा झालो. चारला चाचांनी येऊन पडदा उघडला, तेव्हा मला जाग आली.

संध्याकाळी दोघांनी पाहिलं. ऊन भिंतीवरून उतरलं, फरशी ओलांडून बाकाच्या पायाशी आलं आणि गुडुप. मग नुसता अंधार. उद्या पुन्हा करू म्हणायचीही सोय नव्हती.

"चुकलो, चाचा."

"चाळीस वर्सं दुपारी इथंच पडदा लावून झोपलो मी," ते मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले. "बाकावरचं ऊन कधी पाह्यलंच नाही. डोळा लागल्याबिगर राहात नाही, म्हणून तर तुले बसवलं होतं, बाबू."

अंधार सरला. समोरच्या भिंतीवर ऊन सावकाश चढत गेलं आणि विझलं. चाचांनी तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं.

आता तिथं ट्यूबलाइट असते. खुणा त्यांनी पुसू दिलेल्या नाहीत. चहाला नेमकं कधी जावं, ते मात्र मला कळेनासं झालंय.